आतडं म्हणजे मोरीचा पाइप नाही

गेल्या महिनाभरात तो मेसेज मला चार ग्रुपवर आला, घरच्या ग्रुपवर तर काकूंनीच टाकला, म्हणून लिहायला बसले. मेसेज थोडक्यात असा: प्रत्येकाच्या आतड्यात ५ ते ७ किलो जुना मळ चिकटलेला असतो, त्याचं विष रक्तात जातं आणि त्यातून डोकेदुखी, पिंपल्स, सांधेदुखी सगळं होतं. आतडं धुऊन देणारे सेंटरवाले मशीन लावून तो काढायचे हजारो रुपये घेतात, तेच काम घरी दर रविवारी कॉफीचा एनिमा घेऊन, म्हणजे गुदद्वारातून नळीने कॉफी आत सोडून, फुकटात होतं, वजनही उतरतं, आणि हे आपल्या आयुर्वेदातल्या बस्तीसारखंच आहे. मी बरीच वर्षं सर्जरी वॉर्डात सिस्टर होते, एनिमा किती दिले त्याची मोजदाद नाही, कॅमेऱ्याची नळी घालून आतडं बघतात त्या एंडोस्कोपी रूमलाही ड्युटी केलीय, तर एकेक मुद्दा घेते.

आधी ते ५ किलो. आतडं आतून गुलाबी, ओलं, चकचकीत असतं, रोज स्क्रीनवर बघितलंय. त्याच्या अस्तरातल्या पेशी दर काही दिवसांनी गळून नव्या येतात, वरून बुळबुळीत द्राव सारखा सुटत असतो, तिथे वर्षानुवर्षं काही चिकटून राहणार कसं? कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या कॅमेऱ्याने तपासणीच्या, तयारीला पेशंट पावडर कालवलेलं २ ते ४ लिटर पाणी पितो आणि तेवढ्यावर आतडं साफ होतं. मळ अडकतच नाही असं मी म्हणत नाही, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांत अगदी खाली दगडासारखा गोळा बसतो, पण तो आजार आहे, सगळ्यांना नसतो. आणि मेसेजमध्ये आतड्यातून निघालेला जुना मळ म्हणून दाखवलेले ते काळपट रबरासारखे दोर? असल्या कोर्समध्ये बऱ्याचदा इसबगोल आणि बेंटोनाइट माती पोटात घ्यायला सांगतात, ती पाण्यात फुगते, घट्ट होते आणि आतड्याचा आकार घेऊन बाहेर पडते. म्हणजे जे गिळलं तेच निघालं.

विषाची गोष्ट १०० वर्षांहून जुनी आहे. लंडनचे सर्जन सर विल्यम आर्बथनॉट लेन याच समजुतीने बद्धकोष्ठाच्या पेशंटचं मोठं आतडंच काढून टाकायचे. १९१९ साली अमेरिकेतल्या वॉल्टर अल्वारेझ यांनी लिहिलं की ही लक्षणं विषाची नाहीत, मळ साठून आतडं ताणलं जातं त्याची आहेत. पुढे १९२२ मध्ये डोनाल्डसन यांनी गुदाशयात नुसते कापसाचे बोळे भरून बघितले, तशीच डोकेदुखी, तशीच सुस्ती आली, आणि बोळे काढल्यावर गेली. कापसात विष नव्हतं.

आता सेंटर की घर, कारण खरा गोंधळ इथेच आहे. दोन्ही एकच काम करत नाहीत. मशीनमध्ये पाऊण-एक तासात कधीकधी ६० लिटरपर्यंत पाणी आत-बाहेर फिरवतात, ते मोठ्या आतड्यात वरपर्यंत जातं. घरच्या एनिमात फार तर लिटरभर जातं, ते मुख्यतः खालचा भाग मोकळा करतं. म्हणून 'तेच काम घरी' हे चूक. पण म्हणून सेंटर चांगलं असंही नाही! अमेरिकेत या मशीनना परवानगी आहे ती तपासणीआधी आतडं साफ करायला, 'तब्येत सुधारायला' म्हणून एकालाही मंजुरी नाही. कोलोरॅडोतल्या एका क्लिनिकमध्ये १९७८ ते १९८० या काळात मशीन नीट निर्जंतुक होत नव्हतं, निदान ३६ जणांना अमीबाचा संसर्ग झाला, १० जणांचं मोठं आतडं काढावं लागलं आणि त्यातले ६ दगावले. नळी टोचून आतडं फाटू शकतं ते सेंटरमध्येही आणि घरीही, आणि एवढं पाणी आत गेलं की रक्तातलं सोडियम-पोटॅशियम बिघडू शकतं, हार्टच्या आणि किडनीच्या पेशंटला तर ते झेपतच नाही.

घरचे धोके वेगळे, कारण बघायला कोणी नसतं. कॉफीने लिव्हर साफ होतं असंही सांगतात, त्याला आधार नाही, उलट गरम कॉफीने आतून भाजल्याच्या केसेस आहेत आणि वारंवार घेतलेल्या कॉफी एनिमांशी जोडलेल्या २ मृत्यूंची नोंद १९८० साली डॉक्टरांनी छापलीय. साबणाच्या पाण्याने अस्तर सोलवटतं. मेडिकलमध्ये मिळणारी फॉस्फेटच्या तयार एनिमाची बाटली लोकांना निरुपद्रवी वाटते, पण २४ तासांत एकच घ्यायची असते. आमच्या वॉर्डात एक आजोबा आले होते, किडनीचा त्रास जुना, पोट साफ होईना म्हणून घरच्यांनी एका दिवसात ३ दिल्या, फॉस्फेट चढलं, कॅल्शियम उतरलं, हातापायाला पेटके येऊन बोटं आखडलेली. मुलगा रडत होता, त्याने काळजीपोटीच केलं होतं सगळं.

वजनाचं एका वाक्यात: अन्नातली बहुतेक ताकद छोट्या आतड्यातच शोषली जाते, एनिमाने जातं ते पाणी आणि मळ, चरबी नाही.

आणि बस्तीचं नाव यात ओढू नका. बस्ती म्हणजे तेल नाहीतर काढा, मोजून, ठरावीक दिवस, वैद्याने माणूस तपासून द्यायचा. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात बस्ती चुकला तर काय काय होतं यावर आख्खे अध्याय आहेत. ज्यांनी एवढं जपून लिहिलं त्यांच्या नावावर बाथरूममधली कॉफी खपवणं मला सहन होत नाही.

एनिमाला माझा विरोध नाही. डॉक्टरांनी सांगितलेला, कडक मळ अडकलाय म्हणून, एकदा, तर त्याने माणसाला खरंच सुटल्यासारखं होतं. दर रविवारचा कार्यक्रम म्हणून नको. पोट वारंवार नीट साफ होत नसेल तर कारण शोधा, लोहाच्या गोळ्या चालू आहेत का, थायरॉइड कधी तपासलाय.

मेसेज वाचून मी काकूंना फोन केला. सहा महिने पोट नीट साफ होत नाहीये, मध्ये दोनदा रक्त पडलं, मूळव्याध असेल म्हणून त्यांनी कोणाला सांगितलं नाही, आणि आता एनिमाचा डबा मागवला होता. वय ५८. या वयात पोटाची सवय बदलली आणि रक्त दिसलं तर आधी कॅन्सर नाही ना ते बघायचं असतं. डबा परत पाठवलाय, मंगळवारी कोलोनोस्कोपी आहे, मी सोबत जातेय.