प्लेट गर्डरची बाजू घेतो

जुन्या रेल्वे पुलांचे फोटो टाकणारी मंडळी कमानी टाकतात, झुलते पूल टाकतात, फार तर ट्रस, म्हणजे त्रिकोणांच्या लोखंडी सांगाड्याचे पूल. रिव्हेट ठोकून पत्रे जोडलेल्या सरळसोट लोखंडी तुळईकडे, म्हणजे प्लेट गर्डरकडे, कोणी ढुंकून बघत नाही. मला विचाराल तर जुन्या पुलांमधला सगळ्यात हुशार प्रकार हाच आहे.

आणि ही हुशारी फुकट आलेली नाही. 24 मे 1847 ला इंग्लंडमध्ये चेस्टरजवळ डी नदीवरचा पूल गाडीखाली कोसळला, पाच माणसं गेली. गर्डर बिडाचे होते. बीड दाब झकास पेलतं, पण ताण आला की वाकत नाही, सरळ तडकतं. खालून घडीव लोखंडाच्या सळया जोडल्या होत्या, त्यांचा काही उपयोग झाला नाही. त्यात ठिणग्यांनी लाकडी तळ पेटू नये म्हणून त्याच दिवशी वर खडी पसरलेली, म्हणजे वजन आणखी वाढलं. आगीची काळजी घेतली आणि पूल गेला!

पूल इंजिनिअर रॉबर्ट स्टीफनसनचा. हाच माणूस तेव्हा वेल्समध्ये मेनाय सामुद्रधुनीवर ब्रिटानिया पूल बांधत होता. घडीव लोखंडाच्या पत्र्यांच्या चौकोनी नळ्या, गाडी नळीच्या पोटातून जाणार, मधले दोन गाळे (आधारांमधली अंतरं) प्रत्येकी 460 फुटांचे. आधार म्हणून वरून साखळ्या लावायचा विचार होता. इंजिनिअर फेअरबर्न आणि गणिती हॉजकिन्सन यांनी मॉडेलं मोडून पाहिली, तर नळीची वरची बाजू आधी जात होती. पोस्टकार्ड दोन्ही टोकांनी दाबलं की फुगतं, तसा पातळ पत्रा दाबाखाली चुण्या पडून मोडायचा. मग वरचा भाग कप्पेदार केला आणि साखळ्यांची गरजच उरली नाही. बुरुजांत साखळ्यांसाठी ठेवलेल्या खाचा मात्र रिकाम्याच राहिल्या. पूल 1850 मध्ये सुरू झाला.

साध्या प्लेट गर्डरमध्येही हेच गणित आहे. वरच्या पट्टीवर दाब, खालच्या पट्टीवर ताण, आणि दोघींना धरून ठेवणारा मधला उभा पत्रा. कधी बाजूने नीट बघा. टोकाला पट्टीवर एकच पत्रा दिसेल, मध्याकडे जाल तसा त्यावर दुसरा, तिसरा चढलेला असतो, कारण वाकवणारा जोर मध्यावर सर्वांत जास्त. उलट उभ्या पत्र्यावर ठोकलेल्या अँगलच्या (काटकोनात वळलेल्या) पट्ट्या टोकांकडे दाट होत जातात. कातरणारा जोर तिथे सर्वांत जास्त असतो, आणि पत्र्याला चुणी पडू द्यायची नसते. एक टोक पक्कं बसवलेलं, दुसरं उन्हाने लांबी वाढली की सरकायला मोकळं. कुठे किती जोर येतो ते आकृती न काढता वाचता येतं. कमानीत हे इतकं उघड कुठे असतं?

ब्रिटानियाच्या नळ्यांनी 120 वर्षं गाड्या पेलल्या. 1970 मध्ये आत शिरलेल्या मुलांच्या मशालीने वरचं डांबर लावलेलं लाकडी छप्पर पेटलं आणि तापून नळ्या खचल्या, मग तिथे खाली कमानी बांधाव्या लागल्या. त्याच नळीवाल्या घराण्यातला वेल्समधलाच कॉन्वीचा पूल लहान. त्याला 1899 मध्ये खालून जादा खांब दिले. गाड्या आजही त्याच्या मूळ नळ्यांतून जातात.