वर मालक, खाली कुत्रा

७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला आणि आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पुन्हा पेटलं. शाळा-कॉलेजं, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं आणि क्रीडासंकुलं यांच्या आवारातले भटके कुत्रे उचलायचे, त्यांची नसबंदी आणि लसीकरण करायचं आणि परत त्याच जागी सोडायचे नाहीत, असा तो आदेश. पुण्याची ताई दोन दिवस ग्रुपवर एकटी सगळ्यांशी भांडत होती. सांगलीहून बाबांनी काही लिहिलं नाही, त्या बातमीखाली फक्त अंगठा टाकला. ताईने त्यानंतर आठवडाभर बाबांना फोन केला नाही.

मी इथे हॅनोव्हरमध्ये ‘क्रीडासंकुलं’ या शब्दापाशी अडकले. कारण त्याच सप्टेंबरात आमच्या स्कायडायव्हिंग क्लबात हाच प्रश्न मतदानाला आला होता: मैदानावर कुत्रे आणू द्यायचे की नाही?

मी अकरा वर्षं जर्मनीत आहे आणि त्यातली सहा-सात वर्षं विमानातून उड्या मारते आहे. पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “म्हणजे त्या शीतल महाजनसारखं? ती नऊवारी नेसून उडी मारली ती?” आपल्याकडे हा खेळ माहीत आहे तो बहुतेक त्या पुण्याच्या मुलीमुळेच. इथे मात्र गावाबाहेरच्या लहान विमानतळावर चाळीस-पन्नास माणसं एकत्र येऊन क्लब चालवतात. प्रशिक्षक, वैमानिक, कॉफी करणारे, सगळे सभासदच. शनिवारी सकाळी आलं की संध्याकाळपर्यंत तिथेच. ढग असले तर चार-चार तास नुसतं आभाळाकडे बघत बसायचं. त्यामुळे माणसं मुलांना आणतात, केक आणतात आणि कुत्रेही आणतात.

कुत्रे आणण्याच्या बाजूने जे बोललं गेलं, ते मला मनापासून पटणारं होतं. दहा तास घरात कोंडून ठेवणं क्रूर आहे. उन्हात गाडीत ठेवणं तर जिवावरच बेतणारं. आणि मैदानावर त्यांचा लळा लागतो. माझ्या पहिल्या उडीआधी अर्धा तास मी बाकावर बसले होते, तोंडाला कोरड पडलेली. बाकाखाली क्लबातली एक म्हातारी कुत्री झोपलेली असायची. कान अगदी मऊ, नाकाभोवतीचे केस पांढरे झालेले. ती उठली आणि माझ्या गुडघ्यावर हनुवटी टेकून उभी राहिली. विमान तयार झाल्याची हाक येईपर्यंत माझा हात तिच्या डोक्यावर होता. त्या दिवशी मला धीर कुणी दिला असेल, तर तिने.

तरीही सप्टेंबरात मी कुत्रे मोकळे किंवा नुसते बांधून ठेवायला विरोध केला, आणि माझी चौदावी उडी त्याला कारण आहे.

२०१९ चा जून. चार हजार मीटरवरून उडी, मिनिटभराचा मुक्त पात, पॅराशूट नीट उघडलेलं. शिकाऊ माणसाचं पॅराशूट मोठं आणि संथ असतं, कानात रेडिओ असतो, खालून प्रशिक्षक सांगत असतो तसं वळायचं. शेवटचं वळण घेऊन मी वाऱ्याला तोंड करून सरळ उतरत होते. साठेक मीटर उंची राहिली असेल. तेवढ्यात उजवीकडून एक तपकिरी कुत्रा मैदानात घुसला. माझ्या आधी उतरलेल्या त्याच्या मालकिणीकडे तो धावत होता आणि ती नेमकी माझ्या रेषेत उभी होती.

पॅराशूटला इंजिन नसतं. पुन्हा वर जाऊन फेरी मारता येत नाही. जमिनीजवळ वळायचं नाही, हा पहिल्याच दिवशी शिकवलेला धडा, कारण एका बाजूची दोरी ओढली की पंख कलतो आणि माणूस झोक्यासारखा बाहेर फेकला जाऊन वेगाने खाली येतो. मला हे तोंडपाठ होतं. रेडिओवर प्रशिक्षक ओरडत होता, “सरळ! हात वर!” पण खाली कुत्रा दिसत होता आणि हाताने डावी दोरी ओढली. उतरताना डावा घोटा मोडला. सहा आठवडे प्लास्टर. कुत्र्याला खरचटलंही नाही, आणि त्याचं मला आजही बरं वाटतं.

दुसऱ्या दिवशी त्याची मालकीण हॉस्पिटलात आली. डोळे सुजलेले. तिने माफी मागितली आणि एक कागद माझ्या हातात दिला: तिचं नाव, पत्ता, कुत्र्याच्या विम्याचा क्रमांक. आम्ही राहतो त्या लोअर सॅक्सनी राज्यात प्रत्येक कुत्र्याचा ‘थर्ड पार्टी’ विमा सक्तीचा आहे. अंगात चिप सक्तीची. नव्याने कुत्रा पाळणाऱ्याला लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा देऊन कुत्र्याचं आपल्याला कळतं हे दाखवावं लागतं. वर नगरपालिकेचा वार्षिक कर. १ एप्रिल ते १५ जुलै, पक्ष्यांच्या विणीच्या काळात, माळावर आणि जंगलात कुत्रा दोरीनेच न्यायचा. आणि जर्मन नागरी संहितेचं ८३३ वं कलम सांगतं, की हौसेने पाळलेल्या जनावराने कुणाला इजा केली, तर मालकाची चूक असो वा नसो, भरपाई मालकाने द्यायची.

प्लास्टरमधल्या त्या दिवसांत मला या सगळ्याचं फार काही वाटलं नाही. वाटलं ते चार वर्षांनी, बाबांना कुत्रा चावला तेव्हा.

२०२३ ची पावसाळ्यातली पहाट. बाबा दूध आणायला निघाले होते. कोपऱ्यावरच्या कुत्र्यांपैकी एकाने पोटरी धरली. जखम खोल होती. सरकारी दवाखान्यात लस मिळाली, पण जखमेत टोचायचं सीरम नव्हतं. शेजारच्या काकांनी स्कूटरवरून दोन ठिकाणी फिरून ते विकत आणलं. मी इथून फोनवर विचारत होते, “कुत्रा कुणाचा? त्याला लस दिली आहे का?” बाबा म्हणाले, “अगं, कुणाचा म्हणजे? रस्त्यावरचा.” माझ्या घोट्यासाठी दुसऱ्याच दिवशी एक माणूस नाव-पत्ता घेऊन उभा राहिला होता. बाबांच्या पोटरीसाठी कुणीच नव्हतं. गल्लीतल्या लोकांनी मग एक नाव शोधलं: रोज पोळ्या घालणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचं. तिच्या दारात जाऊन भांडले. त्या कुत्र्यांकडे मायेने बघणारी गल्लीतली ती एकटी, आणि गुन्हेगार तीच ठरली.

ताईचंही हेच दुःख आहे. ती कोथरूडच्या सोसायटीबाहेरच्या आठ कुत्र्यांना सांभाळते. त्यातल्या सहांची नसबंदी तिने पदरचे पैसे घालून करून घेतली, वर्षाच्या लशी तारखा लिहून ठेवून देते. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार हे काम स्थानिक स्वराज्य संस्थेचं. प्रत्यक्षात ते पुण्यासारख्या शहरात एका बँकेत नोकरी करणाऱ्या बाईच्या पगारावर चालतं, आणि वर शेजाऱ्यांचे टोमणे. त्यामुळे ‘उचला सगळे’ असं कुणी म्हटलं की ती पेटून उठते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीसाठी न्यायालयाचा पहिला आदेश आला, सगळे कुत्रे पकडून निवाऱ्यात ठेवा, तेव्हा ती रडत होती. २२ ऑगस्टला तो बदलून नसबंदी-लस करून परत सोडा असं झालं, तेव्हा तिने पेढे वाटले. बाबांनी ते पेढे खाल्ले नाहीत.

मी या दोघांच्या मध्ये आहे आणि दोघंही बरोबर आहेत, असं म्हणून मला सुटका करून घ्यायची नाही. बाबांची भीती खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी ३६ टक्के भारतात होतात. लक्षणं दिसली की त्या रोगावर इलाज नाही. इथे हॅनोव्हरच्या ट्रॅममध्ये शेजारच्या सीटखालचा कुत्रा माझ्या बुटाला नाक लावतो आणि मी पुस्तक वाचत राहते, ते मी धीट झाले म्हणून नव्हे. २००८ पासून जर्मनी जमिनीवरच्या प्राण्यांमधल्या रेबीजपासून मुक्त आहे, म्हणून. इथे रेबीज कोल्ह्यांमध्ये होता. १९८३ पासून इथे लस भरलेले आमिषाचे तुकडे जंगलात टाकायला सुरुवात झाली. आधी हाताने, नंतर लहान विमानांतून. पंचवीस वर्षं, वर्षातून दोनदा. आमच्याच खेळात वापरतात तशा लहान विमानांनी हे काम केलं आहे, हे कळलं तेव्हा मला फार भरून आलं.

आणि हे फक्त जर्मनांनाच जमतं, असं कुणी म्हणू नये. गोव्याने वर्षानुवर्षं गावोगाव जाळी घेऊन कुत्रे धरले, लस टोचली, नोंद ठेवली. २०२१ मध्ये गोव्याने स्वतःला रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं. त्याच गोव्यात नोव्हेंबर २०२३ मध्ये दाबोळीच्या धावपट्टीवर कुत्रा दिसला म्हणून बंगळुरूहून आलेलं विमान न उतरता परत गेलं, हेही तितकंच खरं. लस टोचलेला कुत्रासुद्धा धावपट्टीवर नको.

आता आमच्या मैदानाकडे. सभा बोलवावी लागली ती ऑगस्टमधल्या एका प्रसंगामुळे. एका तरुण सभासदाने आपला कुत्रा हँगरच्या खांबाला बांधला आणि तो वर गेला. आमचं विमान, सेसना कॅरॅव्हॅन, माणसं सोडून पुन्हा खाली येतं आणि घाईच्या दिवशी इंजिन बंद न करताच पुढची तुकडी चढते. फिरणारा पंखा डोळ्यांना दिसत नाही, नुसतं धूसर वर्तुळ दिसतं. माणसांना आम्ही दहादा बजावतो: मागून यायचं, मागूनच जायचं. कुत्र्याला कोण बजावणार? त्याने पट्ट्यातून मान काढली आणि तो थेट विमानाकडे पळाला. आपला माणूस त्या विमानात चढला, हे त्याने पाहिलं होतं. तो आभाळातून खाली येईल, हे त्याला कुठून कळणार? विमान परत आलं, म्हणजे आपला माणूस परत आला. वैमानिकाने त्याला पाहून इंजिन बंद केलं आणि एका मुलीने विमानापासून चार-पाच मीटरवर त्याच्यावर झेप टाकून त्याला धरलं. आम्ही सगळे पॅराशूट घडी करायच्या चटईवरून उभे राहून बघत होतो. कुणाच्या तोंडून शब्द फुटला नाही.

(चटईवरून आठवलं: तिथेही कुत्रे नकोत. पॅराशूटचं कापड पातळ नायलॉनचं असतं, एका नखाने फाटू शकतं. लघवीचा डाग पडला तर ते तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय वापरू नये. यावर सभेत कुणी वादही घातला नाही.)

सभेत एक गट म्हणाला, पूर्ण बंदी घाला. दुसरा म्हणाला, कडक पट्टा पुरे. मी हात वर केला. माझं जर्मन अशा वेळी अडखळतं, म्हणून लिहूनच नेलं होतं. मी म्हटलं, कुत्रा चांगल्या वळणाचा आहे का, पट्टा कसला आहे, हे नंतर. मालक विमानात चढल्यापासून पॅराशूट उचलून परत येईपर्यंत अर्धा तास जातो. त्या अर्ध्या तासात या कुत्र्याचं माणूस कोण? खांब हे उत्तर नाही. मालक चार हजार मीटरवर असताना खांबाला बांधलेला कुत्रा तेवढ्या वेळापुरता भटकाच. कर भरलेला, विमा काढलेला, चिप घातलेला, पण भटका. माझ्या देशात काही कोटी कुत्रे आयुष्यभर त्या अर्ध्या तासात जगतात, आणि त्याची किंमत माझ्या वडिलांनी आणि त्या कुत्र्यांनीही मोजली आहे. म्हणून मला बंदी नको आहे. मला दोरीच्या दुसऱ्या टोकाला माणूस हवा आहे, आणि त्या दिवशी तो माणूस उडी मारणारा नको.

थोड्या मतांनी ते मंजूर झालं. कुंपणापलीकडे झाडाखालची जागा कुत्र्यांची. दोरी हातात असणाऱ्याने दंडाला लाल पट्टी बांधायची आणि फळ्यावर आपलं नाव लिहायचं. पट्टी बांधलेल्याचं नाव त्या फेरीच्या यादीत घ्यायचं नाही. एकटा येणारा असेल तर त्याने कुत्रा आणायचा नाही. दोघंजण नाराज होऊन निघून गेले. त्यातला एक माझा मित्र आहे, एकटाच राहतो, आणि त्याच्यासाठी हा नियम खरोखर जाचक आहे. मी त्याला म्हटलं, मी निम्म्या उड्या सोडते आणि पट्टी बांधते. अजून त्याचं उत्तर आलेलं नाही.

ताईला हे सगळं परवा फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “लाल पट्टी तर मी पंधरा वर्षं बांधून बसलेय गं. फळ्यावर महापालिकेचं नाव कोण लिहिणार ते सांग.” आणि मग विचारलं, बाबांची पोटरी थंडीत अजून दुखते का.

ऑक्टोबरातला शेवटचा शनिवार, हंगामातली शेवटची फेरी. कुंपणापलीकडे बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा उभा होता, दंडाला लाल पट्टी, हातात दोरी. दोरी मनगटाला दोनदा गुंडाळलेली. त्याची आई वर होती. पॅराशूटं उघडली तशी कुत्र्याने मान वर केली आणि तो कुईकुई करायला लागला. मुलगा त्याच्याशेजारी गवतात बसला आणि बोटाने आभाळात दाखवत राहिला, “ते बघ, निळं. निळं आपलं.” आई उतरली, पॅराशूट गोळा केलं, चालत आली. ती कुंपणाचं दार लावून घेईपर्यंत मुलाने दोरी सोडली नाही.