पावलं तेवढी न्या

आषाढी जवळ आली की माझ्या फेसबुकवर दोन पार्ट्या पडतात. एकीकडे दिवे घाटाचे ड्रोनमधून काढलेले फोटो, कपाळाला बुक्का लावलेले सेल्फी, 'माऊली, माऊली'. दुसरीकडे, इतकी शतकं चालून काय मिळालं, विठोबा कांद्याला भाव देतो का, वगैरे. मी दोन्हीकडे लाइक करून मोकळी होते. घरचं वळणच तसं आहे. आमच्याकडे या दोन पार्ट्यांनी त्रेचाळीस वर्षं संसार केला.

आई माळकरी. तिच्या माहेरची वारी आजोबांपासूनची. आजोबा थकले, मग तिचे वडील जायला लागले. तेही थकले तेव्हा मामा मुंबईला गिरणीत, त्याला रजा मिळेना. घरातली वारी अशी उघड्यावर टाकता येत नाही, म्हणून ती आईने घेतली, लग्न होऊन सासरी आल्यावर. साल 1989. त्याच वर्षी साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम सुरू केलं आणि आमचे अण्णा, जिल्हा परिषदेच्या शाळेतले मास्तर, त्यांच्या व्याख्यानांना जायला लागले. "एकाच साली दोघांना लागण झाली," असं अण्णा पाहुण्यांना सांगायचे. आई आतून म्हणायची, "तुमची बरी व्हायची आहे अजून."

आमचं गाव लोणंदपासून आठेक किलोमीटरवर. माऊलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, सासवड, जेजुरी, वाल्हे करत नीरा ओलांडून लोणंदला येते. लहान पोरं, शाळा, म्हशी सोडून आळंदीपर्यंत जाणं आईला जमायचं नाही, ती लोणंदलाच दिंडीत शिरायची. तिला सोडायला कोण जाणार? अण्णाच. पुढे तिची वळकटी उभी धरून, मागे आईला बसवून बजाज स्कूटर काढायचे. वळकटी दिंडीच्या ट्रकवर स्वतः चढवायचे, ट्रकचा नंबर वहीत टिपायचे, भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणखाणाचे, पैसे भरायचे आणि पावती मागायचे. दिंडीवाले म्हणायचे, "अहो मास्तर, इथं कसली पावती?" अण्णा म्हणायचे, "पैसे देवाला देत नाही मी, तुम्हाला देतोय." मग कुणीतरी वहीचा कागद फाडून लिहून द्यायचं. मग हे स्कूटरला किक मारून परत. पालखीच्या रथाकडे मान वळवून बघायचेसुद्धा नाहीत. द्वादशीनंतर पुन्हा लोणंदच्या स्टँडवर हजर, पंढरपूरहून येणाऱ्या एसटीची वाट बघत.

मी कॉलेजात असताना हे मला ढोंग वाटायचं. दोघांचंही. देव नाही म्हणता तर बायकोला पोचवायला कशाला जाता? आणि देव आहे म्हणतेस तर न मानणाऱ्या नवऱ्याशी वाद का घालत नाहीस? वाद व्हायचे, पण मिठावरून, मामावरून, माझ्या शिक्षणाच्या खर्चावरून. विठ्ठलावरून कधी नाही. 2013 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या त्या दिवशी अण्णा ओट्यावर बसून राहिले. आईने चूल पेटवली नाही. एकादशी नव्हती. "आज नको वाटतंय," एवढंच म्हणाली आणि त्यांच्या शेजारी गहू निवडत बसली.

2018 ला आईचे गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, चालायचं नाव काढू नका. आई दोन दिवस कुणाशी बोलली नाही. मी पुण्याहून फोन करून शहाणपण शिकवलं: आई, देव सगळीकडे असतो, मनाने वारी कर. (हे वाक्य मी पुन्हा कुणाला ऐकवणार नाही. ज्याचे पाय दुखतात त्याला मन शिकवू नये.) तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "मी जाऊन येऊ का?"

आई म्हणे बघतच राहिली. मग म्हणाली, "माळ घालायची नाही तुम्ही."

"नाहीच घालणार."

"आणि आत जायचं नाही उगाच, पटत नसताना. पावलं तेवढी न्या."

तर बासष्ट वर्षांचा, देव न मानणारा मास्तर लोणंदहून पंढरपूरला चालत गेला. पायात बूट, खिशात वही. ती वही माझ्याकडे आहे. तिच्यात अभंग नाहीत. किती वाजता निघालो, टँकर किती उशिरा आला, कुठल्या मुक्कामी बायकांसाठी आडोसा नव्हता, असल्या नोंदी. चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण झालं त्या दिवशी फक्त एक ओळ: 'घोडा चांगला होता.' पुढे फलटणच्या मुक्कामात मात्र पान भरून आहे. दिंडीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात, वय, जात, हुद्दा न बघता. सत्तर वर्षांच्या एका शेतकऱ्याने 'माऊली' म्हणत अण्णांच्या बुटांना हात लावला. अण्णांनी आयुष्यात कुठल्या मूर्तीपुढे मान वाकवली नव्हती. त्यांनी लिहिलंय: 'मीही वाकलो. समता म्हणून, भक्ती म्हणून नाही.' खाली दुसऱ्या शाईने, बहुधा नंतर: 'त्याला फरक पडला नाही.'

पंढरपुरात ते रांगेत उभे राहिले नाहीत. पदस्पर्शाची रांग आषाढीला किती लांब असते ते जाणारे जाणतात. पण कळस बघून, नामदेव पायरीला हात लावून परतणारे वारकरीही तिथे कमी नसतात आणि त्यांची वारी कुणी उणी धरत नाही. अण्णा महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीपाशी थांबले. मग तनपुरे महाराजांचा मठ शोधत गेले. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी अस्पृश्यांना देऊळ खुलं व्हावं म्हणून तिथे उपोषण केलं होतं. त्याच गुरुजींनी पुढच्या वर्षी 'साधना' साप्ताहिक काढलं, आणि नंतर दाभोलकरांनी पंधरा वर्षं ते चालवलं. अण्णा त्याचे जुने वर्गणीदार. देवळाच्या आत गेले नाहीत, पण ज्या माणसाने आत जाण्याचा हक्क मागितला त्याच्या दारी जाऊन आले. ही त्यांची पंढरी, असं मी तेव्हा कौतुकाने लिहिलं असतं. आता वाटतं, त्यांना विचारायला हवं होतं.

घरी आले तेव्हा मी होते. चुरमुरे, बुक्का, आईला लाखेच्या बांगड्या. आईने दारातच त्यांना थांबवलं आणि गुडघे धरत धरत खाली वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. वारीहून आलेल्याच्या पाया पडतातच. पण अण्णा चटका बसल्यासारखे मागे सरले. "अगं, मी आत गेलोच नाही."

"मला कुठं तुम्ही आत हवे होता," आई म्हणाली.

मग तिने त्यांना खुर्चीवर बसवलं, परातीत कोमट पाणी घेतलं आणि त्यांच्या पायांना लिंबू-साखर चोळायला लागली. भेगा मऊ होतात म्हणाली. रात्री काढा दिला. मलाही ते आजीबाईचं औषधच वाटलं. पुढे कधीतरी तिनेच सांगितलं. आषाढीच्या दिवसांत दर्शन चोवीस तास चालू असतं, म्हणून देवाचा पलंग काढून ठेवतात, पाठीशी लोड देतात. तो निजतच नाही. गर्दी ओसरली की प्रक्षाळपूजा होते. उभं राहून शिणलेल्या देवाला कोमट पाण्याने न्हाऊ घालतात, पायांना लिंबू-साखर चोळतात, रात्री काढ्याचा नैवेद्य दाखवतात.

अण्णांना हे कधी कळलं की नाही, मला माहीत नाही. कळलं असतं तरी त्यांनी पाय मागे घेतले नसते असं मला वाटतं. निदान लगेच तरी नाही.

2019 लाही ते गेले. 2020 ला कोणीच गेलं नाही. पादुका दशमीला एसटी बसने पंढरपूरला गेल्या आणि आमच्या घरी दोघं टीव्हीसमोर बसली. आई रडली. अण्णा बातमीदारावर चिडले, कारण तो 'परंपरा खंडित' म्हणाला होता. "खंडित कशी? गेल्या ना पादुका?" देव न मानणारा माणूस पादुका पोचल्या की नाही यावर भांडतो, हे बघायला मी तिथे हवी होते. मी पुण्यात, लॉकडाऊनमध्ये. फोनवर ऐकलं.

दुसऱ्या लाटेत अण्णांना कोरोना झाला. 2021 चा मे. तालुक्याच्या गावी एका दवाखान्यात कसाबसा बेड मिळाला. मी बाहेर, वडाखाली उभ्या केलेल्या गाडीत तीन रात्री काढल्या. आणि मी, एमएस्सी झालेली, वडिलांच्या वहीवर वाढलेली, तिसऱ्या रात्री शिंगणापूरच्या शंभूमहादेवाला नवस बोलले. अण्णा घरी आले तर अकरा सोमवार अनवाणी येईन. अकरा का? पाच कमी वाटले, एकवीस झेपले नसते. आकड्यावर मी मनात खरोखर घासाघीस केली. नवसाने मुलं होत असती तर नवरा कशाला करावा लागला असता, असं तुकोबांनी विचारून पावणेचार शतकं होत आली. मला ते पाठ आहे. त्या रात्री उपयोग झाला नाही.

आई घरी. तिला मी दर दोन तासांनी फोन करायचे आणि ती एकदाही 'बरे होतील ना गं' म्हणाली नाही. विचारायची, काय खाल्लं, चष्मा जवळ आहे का, कुणाला सांगून कूस बदलायला लाव. त्या आठवड्यातच तिने दिंडीच्या महाराजांना फोन केला होता, हे मला नंतर कळलं. यंदा पायी वारी निघाली तर मास्तरांचं नाव धरा, म्हणून.

अण्णा गेले. निरोप कसा दिला ते इथे लिहीत नाही, ज्यांनी त्या दिवसांत माणूस गमावलं त्यांना ते माहीत आहे.

नवसाचं मी आईला वर्षभराने सांगितलं. वाटलं होतं, जवळ घेईल. ती म्हणाली, "देवाबरोबर बाजार केलास? मग तोट्यात गेलीस म्हणून रडू नको." जरा वेळाने, "मी नाही काही मागितलं. मागायची सवय नाही मला." तिच्या दिंडीत एकच मागणं ऐकू येतं, वारी चुकू देऊ नको. म्हणजे मागायचं काय, तर पुन्हा यायला मिळू दे.

संतांनी आशेबद्दल फारसं चांगलं बोललेलं नाही, हे वाचणाऱ्यांना ठाऊक असेल. त्यांच्याकडे आशा ही तृष्णेची बहीण, सोडून द्यायची गोष्ट. मला हे पूर्वी कठोर वाटायचं. माणूस आशेवर जगतो, असंच आपण म्हणतो ना? आता वाटतं, त्या गाडीत माझ्याकडे होती ती आशा. ती मिनिटामिनिटाला ऑक्सिजनच्या आकड्याबरोबर वर-खाली होत होती. आईकडे जे होतं त्याला आमच्याकडे भरवसा म्हणतात. तो अण्णा वाचतील यावर नव्हता. कशावर होता ते मला अजून नीट सांगता येत नाही. पण त्याच भरवशावर ती दिंडीत नाव नोंदवत होती, आणि अण्णा गेल्यावर तिने तो परत मागितला नाही.

म्हणून 'तुमचा देवावर विश्वास आहे का' हा प्रश्न कुणी कमेंटमध्ये विचारला की मी गप्प बसते. आमच्या घरात तो प्रश्न चालायचाच नाही. कोण काय मानतं यापेक्षा कोण कुणाची वळकटी उचलतं, यावर सगळं ठरायचं. बुवाबाजीचा, देवाच्या नावावर लुबाडणाऱ्यांचा मला अण्णांइतकाच राग आहे आणि तो राहणार. पण आईच्या वारीला कुणी त्या माळेत ओवलं तर मी भांडते. अण्णाही भांडायचे, फक्त आई समोर नसताना.

2022 ला वारी पुन्हा पायी निघाली तेव्हा मी रजा काढून लोणंद ते फलटण चालले. दोनच दिवस. मला काही झालं नाही. डोळ्यांत पाणी नाही, अंगावर काटा नाही, फोड मात्र आले. तरडगावच्या पुढे एक म्हातारी माझ्या पाया पडली आणि मी वाकायला उशीर केला, एवढं लाजेने आठवतं. आईला फोनवर सांगितलं, काही वाटलं नाही गं. ती म्हणाली, "वाटायला कशाला पाहिजे? ह्यांना तरी कुठं वाटत होतं." पुढची वर्षं थोडं थोडं वाढवत नेते आहे. बरडपर्यंत पोचले. पंढरपूर लांब आहे.

परवा गावी गेले होते. अण्णांच्या टेबलावर 'साधना'चे अंक रचलेले, बरेचसे वेष्टनातले, न फोडलेले. मला वाटलं, वर्गणी आधीच भरलेली असेल, येत असतील. तारखा बघितल्या तर चालू वर्षाच्या. आई चार वर्षं वर्गणी भरते आहे. आधी पोस्टमनच्या हातून मनिऑर्डर केली, मग शेजारच्या पोराकडून. तिला चाळिशी लावूनही बारीक अक्षर दिसत नाही.

"वाचत नाहीस तर कशाला?" मी विचारलं.

"त्यांचं आहे ते," ती म्हणाली. "बंद कसं करायचं? आता आलीच आहेस तर तूच भर, फोनवरून जातात ना पैसे."

मी भरले. ती चष्मा लावून माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि स्क्रीनकडे वाकून म्हणाली, "पावती दाखव."