‘20 बारचं मशीन घ्या, व्हिनेगर फिरवा’: एस्प्रेसोच्या फिरत्या सल्ल्यातलं काय चुकतं

घरी एस्प्रेसो मशीन घ्यायचं म्हटलं की कुणीतरी हमखास पुढे पाठवतं तो सल्ला असा: जास्त बारचं (बार म्हणजे दाबाचं माप) मशीन घ्या, 20 बार म्हणजे कॅफेची ताकद. ग्राइंडरवर पैसे घालवू नका, तयार पूड किंवा घरचा मिक्सर पुरतो. वर जाड क्रेमा (फेस) आला की कॉफी जमली. टाकीत आरओचं पाणी भरा, क्षार धरणारच नाहीत. महिन्यातून एकदा व्हिनेगर फिरवा, आतलं सगळं साफ. आणि अमेरिकेत कुणी असेल तर तिथून मागवा, कन्व्हर्टर लावला की झालं.

यातल्या पहिल्या तीन मुद्द्यांनी कॉफी बिघडते आणि पुढच्या तिन्हींनी मशीन.

‘20 बार हे 15 बारपेक्षा चांगलं’

एस्प्रेसोला कॉफीच्या चकतीवर, म्हणजे दाबून बसवलेल्या पुडीवर, लागतो तो दाब सुमारे 9 बार. 1961 साली फाएमा कंपनीचं ई61 हे मशीन आलं, त्यात दाब देण्याचं काम हाताच्या दांड्याऐवजी विजेच्या पंपाकडे गेलं आणि 9 बार हाच रिवाज पडला. कॅफेतली कित्येक लाखांची मशीनंही आज त्याच्याच आसपास चालतात.

मग खोक्यावर 15 किंवा 20 कुठून येतात? घरगुती मशीनमध्ये बहुधा व्हायब्रेशन पंप (थरथरत, ठोक्याठोक्याने पाणी ढकलणारा) असतो. पाण्याची वाट पूर्ण बंद असताना तो जास्तीत जास्त किती दाब देऊ शकतो, तो हा आकडा. पाणी वाहू लागलं की दाब उतरतो, प्रवाह जितका जास्त तितका अधिक. म्हणजे खोक्यावरचा आकडा पंपाची मर्यादा सांगतो, कपातल्या कॉफीबद्दल काहीच सांगत नाही.

जादा दाब प्रत्यक्ष चकतीवर पोचला तर फायदा नाहीच, उलट नुकसान आहे. 58 मिमी व्यासाच्या चकतीवर 9 बार म्हणजे साधारण 240 किलोचा भार. 15 बारला तो 400 किलोवर जातो. चकती गच्च दबते, कुठेतरी कमकुवत जागी फाटते आणि पाणी त्या एकाच फटीतून धावतं. बाकीची पूड कोरीच राहते. म्हणून चांगल्या मशीनमध्ये पंपानंतर एक ओव्हरप्रेशर व्हॉल्व्ह असतो. ठरलेल्या दाबाच्या वरचं पाणी तो टाकीत परत पाठवतो. गॅजिया क्लासिकच्या जुन्या मॉडेलमध्ये या व्हॉल्व्हची स्प्रिंग बदलून दाब 9 बारवर आणणारे लोक जगभर आहेत.

घेताना विचारायच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. ओव्हरप्रेशर व्हॉल्व्ह आहे का आणि तो कितीवर लावलाय? सोबत एकेरी तळाची बास्केट, म्हणजे पूड भरायची भोकांची वाटी, मिळते का? पोर्टाफिल्टर, म्हणजे ही वाटी बसते तो दांडा, 58, 54 की 51 मिमीचा? 58 ला टॅम्पर (पूड दाबायचा ठोकळा), बास्केट, गॅस्केट सगळं सहज मिळतं, बाकीच्या मापांना शोधाशोध करावी लागते. आणि ग्रुपचं (पोर्टाफिल्टर अडकतो त्या भागाचं) गॅस्केट, शॉवर स्क्रीन (पुडीवर पाणी सोडणारी जाळी), पंप हे सुटे भाग भारतात मिळतात का? रबरी गॅस्केट उष्णतेने कडक होऊन कडेने पाणी झिरपू लागणारच. शंभर-दोनशे रुपयांच्या भागासाठी मशीन महिनाभर पडून राहणार असेल तर ते मशीन घेऊ नये.

‘ग्राइंडर कशाला?’

या सल्ल्यातला सगळ्यात महागात पडणारा मुद्दा हाच. एस्प्रेसोत पाण्याला अडवण्याचं काम दळण करतं. रोजचा हिशोब असा धरा: 18 ग्रॅम पूड, 25 ते 30 सेकंद, कपात 36 ग्रॅम कॉफी. 12 सेकंदांत कप भरला तर दळण बारीक करायचं, 45 लागले तर जाड. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बियांचं पाकीट बदललं, भाजल्याला आठवडा उलटला, पावसाळी हवा आली, की हे पुन्हा जुळवावं लागतं. तयार पुडीत ही किल्ली तुमच्या हातात राहतच नाही.

मिक्सरचं पातं दळत नाही, तोडतं. त्यातून भरड कण आणि पीठ एकत्र निघतं. भरडातून पाणी निसटतं ती चव आंबट, पिठातून जास्त ओढलं जातं ती कडू. एकाच घोटात दोन्ही लागतं, आणि टॅम्पर कितीही दाबला तरी ते सुटत नाही.

फिल्टर कॉफीची पूड वापरणाऱ्यांनी पाकिटावर चिकोरीचं प्रमाण वाचावं. आपल्याकडे कॉफी-चिकोरी मिश्रणात 49 टक्क्यांपर्यंत चिकोरी चालते. चिकोरी पाण्यात फार विरघळते, चिकट होते आणि बारीक भोकांची बास्केट तुंबवते. फिल्टरच्या भांड्यात ती उत्तम, इथे नको.

एक सवलत मात्र द्यायला हवी. मशीनसोबत फक्त दुहेरी तळाची, खाली एकच सुईएवढं भोक असलेली बास्केट असेल, तर तयार पूड चालून जाते, कारण अडवण्याचं काम ते भोकच करतं. पण मग एकेरी बास्केटच्या चवीची अपेक्षा ठेवू नये. 30 हजारांचं बजेट असेल तर निम्मं ग्राइंडरला द्या. वीज नको असेल तर हाताचा ग्राइंडर घ्या, फक्त एका क्लिकमागे पात्यांतलं अंतर किती सरकतं ते पाहून. एस्प्रेसोला 8 ते 16 मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पायरी लागते. 30 मायक्रॉनच्या पायरीवर एक क्लिक इकडे 15 सेकंद आणि तिकडे 40, असं होतं.

‘जाड क्रेमा म्हणजे अस्सल’

क्रेमा म्हणजे बियांतला कार्बन डायऑक्साइड आणि तेल यांचा फेस. परवा भाजलेल्या बियांना तो भरपूर येतो, पण चव अजून बसलेली नसते. भाजल्यावर आठवडा-दहा दिवस थांबलेलं बरं. रोबस्टाला अरेबिकापेक्षा जाड क्रेमा येतो, म्हणून इटालियन ब्लेंडमध्ये ती असते, त्यात भारतीय रोबस्टाही असते. दुहेरी तळाची बास्केट तर शिळ्या पुडीचाही फेस काढते. तेव्हा क्रेमा पाहून दळण किंवा वेळ ठरवू नये, वजनकाटा आणि घड्याळ पाहावं.

‘आरओचं पाणी भरा, क्षार धरणारच नाहीत’

हा अर्धा खरा आहे, म्हणूनच तो जास्त पसरतो. क्षाराचा थर बसतो तो कॅल्शियम आणि बायकार्बोनेटमुळे आणि आरओ ते काढतं, हे बरोबर. पण घरच्या आरओत बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर असतो आणि चवीसाठी तो कच्चं पाणी पुन्हा थोडं मिसळतो. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असेल, तर त्या मिसळीतून कॅल्शियम आणि क्लोराइड दोन्ही परत येतात. मीटरवर 120 दिसलं म्हणून निर्धास्त राहू नये. टीडीएस मीटर विजेचं वहन मोजतं, त्यातला कॅल्शियम किती आणि सोडियम किती हे त्याला कळत नाही. कठीणपणा मोजायला थेंब टाकून रंग बदलणारं किट मिळतं, ते घ्यावं.

क्लोराइडकडे तर कुणी पाहतच नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात त्याची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 250 मिलिग्रॅम आहे. स्टीलच्या बॉयलरला तेवढं फार झालं. क्लोराइड स्टीलला बारीक खड्डे पाडतं आणि कुठल्याही डिस्केलिंगने (क्षाराचा थर काढण्याने) ते भरून येत नाहीत. पिण्याजोगं पाणी मशीनला चालेलच असं नाही.

आरओ अगदी कोरं पाणी देत असेल, समजा टीडीएस 20 च्या खाली, तर अडचण उलट्या बाजूने येते. कॉफीतल्या आम्लाला तोलायला पाण्यात काही उरत नाही, त्यामुळे चव आंबट आणि पोकळ लागते. आम्ल न तोलणारं पाणी धातूही हळूहळू खातं. शिवाय ज्या मशीनच्या स्टीम बॉयलरमध्ये पातळी ओळखणारी सळई असते, तिला वीज वाहून नेणारं पाणी लागतं. कोऱ्या पाण्यात तिला बॉयलर रिकामा वाटतो, पंप भरतच राहतो आणि वाफेच्या नळीतून पाणी येऊ लागतं.

उपाय स्वयंपाकघरातच आहे. खायचा सोडा, म्हणजे निव्वळ सोडियम बायकार्बोनेट, 8.4 ग्रॅम तोलून घ्या. बेकिंग पावडर नव्हे. तो थोड्या कोऱ्या पाण्यात विरघळवून एकूण 1 लिटर करा. हे दाट द्रावण बाटलीत फ्रिजमध्ये ठेवा. मशीनच्या दर लिटर कोऱ्या पाण्याला त्यातलं 10 मिली, 5 लिटरच्या कॅनला 50. लिटरला 84 मिलिग्रॅम सोडा पडतो, अल्कलिनिटी (आम्ल तोलण्याची क्षमता) कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबाने 50 च्या आसपास येते, कॅल्शियम शून्य राहतं. थर बसायला लागणारा पदार्थच पाण्यात नसतो. सोडा हातात अंदाजे टाकू नका, 0.1 ग्रॅम दाखवणारा काटा हवा.

मुंबईचं तानसा, भातसा, वैतरणाकडून येणारं पाणी मुळात मऊ असतं. तिथे एक कार्बन फिल्टर लावून क्लोरीन काढलं तरी बहुतेकांचं भागतं. तेही किटने एकदा पाहून घ्यावं, कारण सोसायटीच्या टाकीत बोअरवेलचं पाणी मिसळलेलं असू शकतं.

‘महिन्यातून एकदा व्हिनेगर’

व्हिनेगरने क्षार विरघळतात, यात खोटं काही नाही. पण पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ कळकतो हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. मशीनच्या आतही पितळ आणि तांबंच असतं, आणि व्हिनेगरचा वास रबरी सील आणि नळ्यांत मुरतो तो कित्येक कपांपर्यंत जात नाही.

स्टील किंवा पितळेच्या छोट्या बॉयलरला लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, बरं. 1 लिटर पाण्यात 20 ते 25 ग्रॅम. पाणी कोमट ठेवा, उकळतं नको, कारण तापलेल्या पाण्यात कॅल्शियम सायट्रेट कमी विरघळतं आणि पांढरा गाळ आतच बसतो. ग्रुपमधून 100 मिली, वाफेच्या नळीतून 100 मिली काढा, मशीन बंद करून 10 मिनिटं थांबा, पुन्हा काढा. टाकी संपेपर्यंत असंच. मग साध्या पाण्याच्या दोन टाक्या, शेवटचं पाणी चाखून आंबट लागत नाही ना ते पाहा. रात्रभर भिजत ठेवू नका. ॲल्युमिनियमचा बॉयलर किंवा थर्मोब्लॉक (पाणी वाहता वाहता तापवणारा धातूचा ठोकळा) असेल तर उत्पादकाने सांगितलेलीच पावडर, सांगितलेल्याच वेळेपुरती. दोन बॉयलरच्या किंवा हीट एक्स्चेंजरच्या (स्टीम बॉयलरमधल्या नळीतून कॉफीचं पाणी तापवणाऱ्या) मशीनला घरी डिस्केलिंग करूच नये. आतून सुटलेला खवला मिलिमीटरपेक्षा बारीक जेटमध्ये अडकतो आणि मग सगळं उघडावं लागतं.

आणि ‘दर महिन्याला’ का? क्षार पाण्यावर अवलंबून, कॅलेंडरवर नाही. वर सांगितलेल्या पाण्यावर चालणाऱ्या मशीनला आम्ल लागतच नाही.

या मुद्द्यातली खरी चूक ‘सगळं साफ’ या दोन शब्दांत आहे. मशीनमध्ये दोन वेगळ्या घाणी असतात. एक क्षार, तो आम्लाने जातो. दुसरी कॉफीचं तेल. ते शॉवर स्क्रीनमागे आणि व्हॉल्व्हमध्ये साचून खवट होतं, त्यावर व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्व काही करत नाही. त्याला अल्कली लागते, म्हणजे कॉफी मशीनसाठी मिळणारी डिटर्जंट पावडर. बिनभोकाच्या बास्केटमध्ये 3 ग्रॅम पावडर घालून पोर्टाफिल्टर लावा, पंप 10 सेकंद चालवा, 10 सेकंद बंद ठेवा, असं पाच वेळा. मग पावडरीशिवाय तेच पाच वेळा. रोज वापर असेल तर दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरे. शॉवर स्क्रीनचा स्क्रू काढून मागची बाजू पाहा. तिथे काळा चिकट थर असेल तर कडवटपणाचं कारण तोच.

पावडरीची ही धुलाई फक्त थ्री-वे व्हॉल्व्ह असलेल्या मशीनला. पंप बंद केल्यावर ड्रिप ट्रेमध्ये फुस्स करून पाणी सुटतं, तो व्हॉल्व्ह. तो नसेल तर दाब पोर्टाफिल्टरमागे अडकून राहतो आणि काढताना गरम पाणी अंगावर उडू शकतं. अशा मशीनला स्क्रीन काढून घासायची, एवढंच. ॲल्युमिनियमचा पोर्टाफिल्टर या पावडरीत भिजवला तर काळा पडतो, तोही बाजूला ठेवावा.

दुधाची नळी याहून साधी. फेस झाला की लगेच ओल्या फडक्याने पुसायची आणि दोन सेकंद वाफ सोडायची. नळी गार होताना आत पोकळी तयार होते आणि टोकाचं दूध वर ओढलं जातं.

‘अमेरिकेतून मागवा, कन्व्हर्टर लावा’

120 व्होल्टचं मशीन चुकून 230 ला लावलं तर हीटर साडेतीनपटीहून जास्त ताकदीने तापू लागतो आणि काही क्षणांत संपतो. ट्रान्सफॉर्मर लावला तर व्होल्टेज उतरतं, पण फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झच राहते. तिथला व्हायब्रेशन पंप 60 साठी बनलेला असतो, इथे त्याचे ठोके कमी पडतात. शिवाय 1400 वॅटच्या मशीनला 2000 वॅटचा, उचलायला जड असा ट्रान्सफॉर्मर ओट्यावर कायमचा बसवावा लागतो. आणायचंच असेल तर दुबई, लंडन, सिंगापूर किंवा ऑस्ट्रेलियातल्या नातेवाईकांना सांगा. तिथेही वीज 230 व्होल्टच्या आसपास आणि 50 हर्ट्झचीच असते, फक्त प्लग बदलावा लागतो.

तो प्लग 16 अँपिअरच्या सॉकेटमध्ये लावा. 1450 वॅट म्हणजे 230 व्होल्टला 6.3 अँपिअर, छोटं 6 अँपिअरचं सॉकेट कालांतराने तापून वितळतं. आणि त्या सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या, कारण या यंत्रात पाणी, वाफ आणि हीटर एकाच धातूच्या पेटीत असतात.