वाघाटीची रोममधली बहीण

रोममध्ये राहायला येऊन सात वर्षं झाली. भिंतीवर, फुटपाथच्या फटीत काही उगवलं की इथे लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो उपटा, दुसरा म्हणतो जगू द्या. मला दोन्ही पटत नाही. अहो, झाड कोणतं आहे ते तरी बघा!

आमच्या इमारतीच्या चौकात आयलँथसचं रोप उगवलं तेव्हा मी हरखून गेले होते. आपल्या महारुखाचा हा चुलतभाऊ, मूळचा चीनचा. १७४०च्या दशकात त्याचं बी पॅरिसला पोहोचलं. पुढे शोभेसाठी आणि एका रेशीमकिड्याचं खाद्य म्हणून तो युरोपभर लावला गेला. शेजाऱ्यांना विनवून मी ते रोप वाचवलं. चुकलंच माझं. चार वर्षांत दुसऱ्या मजल्याला टेकलं, फरशी उचकटली, आणि तोडल्यावर मुळांतून जागोजागी फुटवे वर आले. २०१९ पासून युरोपीय संघात ते विकायला आणि लावायला बंदी आहे, ती योग्यच आहे. जुन्या भिंतीत शिरलं की ते दगड सुटे करतं. लहान असतानाच मुळासकट काढायला हवं.

पण म्हणून परकं ते सगळं वाईट? फड्या निवडुंग मेक्सिकोचा. इटालियन लोक त्याला ‘हिंदुस्थानी अंजीर’ म्हणतात, आणि सिसिलीत त्याची फळं आवडीने खातात.

सरसकट साफसफाईने काय जातं, ते कोलोसियमला विचारा. १८५५ साली रिचर्ड डीकिन या इंग्रज डॉक्टरने त्या एका वास्तूत ४२० जातींच्या वनस्पती नोंदवल्या होत्या. १८७०च्या दशकात उत्खनन सुरू झालं आणि ते सगळं हिरवं खरवडून काढलं. मला हे वाचून आजही वाईट वाटतं.

रोमच्या प्राचीन ऑरेलियन तटबंदीवर उन्हाळ्यात केपरची झुडपं फुलतात. पांढऱ्या पाकळ्या, लांब जांभळट केसर. पहिल्यांदा पाहिली तेव्हा पाय थबकले, कारण ही आपल्या वाघाटीची बहीण! आषाढी द्वादशीला वाघाट्याच्या भाजीने आई उपास सोडायची. इथे या झुडपाच्या कळ्या खारवून खातात. त्याचीही मुळं फटीत शिरतात, मान्य. त्यावर नजर ठेवा, छाटा. पण ते काही आयलँथससारखं वीस मीटरचं झाड होत नाही.

परवा तटाखाली गवत कापायचं यंत्र घेऊन दोघं आले होते. मोडक्या इटालियनमध्ये मी त्यांना ती फुलं दाखवली. एकाने यंत्र बंद केलं, वर पाहिलं आणि ते झुडूप सोडून पुढे गेला.