पंप दप्तरातच असू द्या

आमच्या खानदेशात कापसाची वेचणी उरकली की बांधावर पऱ्हाट्या पेटतात, जिनिंगच्या आसपास बारीक तंतू उडतात आणि पहाटेचा गारवा छातीत शिरतो. नेमक्या याच दिवसांत वर्गातल्या एखाद्या मुलीचा खोकला थांबत नाही, आणि घरचे मात्र 'सर्दी आहे' एवढेच सांगतात. दम्याचे नाव काढायचे नाही, कारण पुढे सोयरीक जमवताना अडचण येईल. शिक्षक म्हणून मला ही लपवाछपवी धुळीइतकीच घातक वाटते.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. धूर, धूळ, थंडी किंवा साधी सर्दी निमित्त होते, नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, कफ साठतो आणि श्वास बाहेर सोडणे जड जाते. एरवी मूल ठणठणीत दिसते, म्हणूनच काही शिक्षकांना ते नाटक वाटते. रोज घ्यायचा पंप (तोंडाने औषध ओढायचा इनहेलर) ही सूज आटोक्यात ठेवतो, तर धाप लागल्यावरचा, बहुधा निळा, साल्ब्युटामॉलचा पंप काही मिनिटांत नलिका मोकळ्या करतो. 'पंपाची सवय लागते' हा समज निखालस खोटा आहे; औषध थेट फुप्फुसात जात असल्याने गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रा पुरते.

असे असताना तो निळा पंप ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद कशासाठी? किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि मुख्याध्यापक पंचायत समितीच्या मीटिंगला! धाप लागली की मुलाला आडवे न करता ताठ बसवावे, पंपाला स्पेसर (औषध क्षणभर साठवणारी प्लास्टिकची नळी) लावून एकेक दाब द्यावा आणि प्रत्येक दाबानंतर चार-पाच श्वास सावकाश घेऊ द्यावेत. मुलाला सलग वाक्य बोलता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा ओठ निळसर पडले असतील, तर पंप देत असतानाच १०८ ला फोन करावा. घरघर अचानक थांबली आणि मूल मलूल झाले, तर ते बरे झाले असे मुळीच समजू नये.

परिपाठापूर्वी मुलांकडून वर्ग झाडून घेण्याच्या प्रथेतून या मुलांना वगळावे, आणि शक्यतो फरशी ओल्या फडक्यानेच पुसावी. कबड्डीतून मात्र वगळू नये. डॉक्टरांनी सांगितले असेल तर खेळाआधी पंप घेऊन ती खुशाल खेळतात. जूनमध्ये पालक भेटतात तेव्हा त्यांच्याशी चारचौघांत न बोलता, बाजूला घेऊन, डॉक्टरांची चिठ्ठी मागावी आणि तिची एक झेरॉक्स वर्गशिक्षकांनी स्वतःजवळ ठेवावी.