‘एक्स्पोर्टला घेतोय’ म्हटल्याने गाडीचा जीएसटी सुटत नाही

सांगली-मिरजेकडे सध्या एक मेसेज फिरतोय. शोरूममध्ये ‘गाडी परदेशी पाठवायची आहे’ असं सांगा, जीएसटी लागत नाही. लागला तरी बंदरावर सगळा परत मिळतो. आधी सहा महिने इथं चालवली तरी चालते. स्वतःची नोंदणी नसेल तर ओळखीतल्या कुणाचा जीएसटी नंबर घाला. मी सांगलीत कर सल्लागार आहे. हा मेसेज खरा मानून लोक लाखांचे व्यवहार करायला निघालेत, म्हणून लिहितोय.

‘सांगितलं की जीएसटी लागत नाही.’ लागतो. डीलरनं सांगलीत तुम्हाला गाडी विकली की ती देशातली विक्री झाली. शून्य दर आहे तो निर्यातदारानं देशाबाहेर केलेल्या विक्रीला. परवा एकजण कोटेशन घेऊन आले. छोटी पेट्रोल गाडी, कराआधीची किंमत ८,००,०००. खाली केंद्राचा ९ टक्के, राज्याचा ९ टक्के, प्रत्येकी ७२,०००. दोन्ही आकड्यांभोवती पेनानं गोल केलेला. “साहेब, हे १,४४,००० वाचणार ना?” मोठ्या गाडीला २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के आहे, तिथं मोह आणखी मोठा.

या अफवेला आधार मिळतो तो एका खऱ्या तरतुदीचा. ऑक्टोबर २०१७ पासून व्यापारी निर्यातदाराला, म्हणजे दुसऱ्याकडून माल घेऊन परदेशी विकणाऱ्याला, ०.१ टक्के दरानं माल घेता येतो, म्हणजे वरच्या गाडीवर फक्त ८०० रुपये. पण त्यासाठी जीएसटी नोंदणी हवी, मान्यताप्राप्त निर्यात प्रोत्साहन परिषदेकडे नोंदणी हवी, ऑर्डरची प्रत डीलरच्या कर अधिकाऱ्याकडे जायला हवी. डीलरचा जीएसटी नंबर आणि बिल नंबर शिपिंग बिलावर, म्हणजे कस्टम्सकडे भरायच्या निर्यातीच्या कागदावर, लागतो. बिलाच्या तारखेपासून ९० दिवसांत माल देशाबाहेर गेला पाहिजे. नाही गेला तर डीलरची सवलत जाते आणि उरलेला कर त्याच्या गळ्यात येतो. म्हणून डीलर नाही म्हणतो, आणि तसं म्हणायचा त्याला हक्क आहे. सवलत देण्याची सक्ती नाही.

‘सहा महिने चालवा, मग पाठवा’ हे इथंच संपतं. ०.१ टक्क्याची गाडी डीलरकडून थेट बंदरावर किंवा नोंदणीकृत गोदामात जायला हवी. एमएच १० ची पाटी लावलीत तर आरटीओचा एकरकमी कर वेगळा. तो राज्याचा, कस्टम्स तो परत देत नाही.

‘बंदरावर परतावा मिळतो.’ नोंदणीकृत निर्यातदाराला मिळतो, तोही बँक खात्यात, शिपिंग बिल आणि रिटर्न जुळल्यावर. नोकरदार माणसानं परदेशातल्या भाच्याला गाडी पाठवली तर परतावा मागायला दारच नाही. आपल्या तासगावच्या बेदाणा निर्यातदारांना हे पाठ आहे: आयात-निर्यात कोड, दरवर्षीचं हमीपत्र, मग शिपिंग बिल. आणि दुसऱ्याच धंद्यासाठी जीएसटी नंबर असलेल्यानं वापरायला कार घेतली, तर जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे त्या कराचं क्रेडिटही, म्हणजे आपल्या करातून वजावटही, मिळत नाही. तीच गाडी पुढे विकणाऱ्याची गोष्ट वेगळी.

भाचा दुबईत असेल तर आणखी एक पाहा: तिथं स्टिअरिंग डावीकडे असतं, आपल्याकडे उजवीकडे.

सगळ्यात घातक आहे ते ‘ओळखीतल्याचा नंबर घाला’. बिल ज्याच्या नंबरवर फाटतं, त्याच्याच नावावर व्यवहार दिसतो. गाडी बाहेर गेली नाही तर डीलर वसुलीला त्याच्याकडे येणार, नोटीसही त्याला येऊ शकते. थकलेल्या करावर १८ टक्क्यांपर्यंत व्याज, दंड वेगळा. बेदाण्याचा व्यापार करणारा एक तरुण माझ्यासमोर बसून म्हणाला, “मेव्हणा म्हणतोय, दाजी, फक्त नंबर द्या, बाकी मी बघतो.” सर्टिफिकेटचा फोटो त्यानं आदल्या रात्रीच पाठवला होता. चहा तसाच राहिला. आम्ही तिथंच बसून मेव्हण्याला नकार लिहिला आणि डीलरला ईमेल केला की माझ्या नंबरवर कुठलंही बिल करू नये. अर्ध्या तासानं डीलरकडून फोन आला. बिल अजून फाटलं नव्हतं.